पाणी तुमच्या हातून सांडलं नव्हतं

शैलाताई,

तुमच्या तेराव्याला लोक हसले. तुम्हाला ते आवडलं असतं, म्हणून आधी तेच सांगते. तुमच्या तळमजल्याच्या घरात खुर्च्या कमी पडल्या, तेव्हा समोरच्या गुजराती बेननी त्यांच्या पाठवून दिल्या. जेवणं उरकत आली होती. आपल्या सहलीतले देसाई हात धुऊन आले, तुमच्या फोटोसमोर थांबले आणि म्हणाले, "बाटलीवाली गेली हो आपली." ज्यांना माहीत नव्हतं त्यांनी विचारलं, बाटलीवाली म्हणजे काय. मग देसाईंनी तो किस्सा रंगवून सांगितला. हरिहरेश्वरच्या पायऱ्या, तुमची उघडी राहिलेली पाण्याची बाटली, भिजलेली मी, आणि सगळ्यांसमोर मी तुम्हाला कसं झापलं ते. तुमचा भाऊ डोळे पुसत पुसत हसला. तुमची मानसीसुद्धा हसली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच.

आणि मीही हसले.

तुम्ही होतात तोवर मी तुम्हाला कधी नावाने हाक मारली नाही. 'विहीणबाई' म्हणायचे. त्या शब्दात दोन पायऱ्या असतात, आणि मुलाची आई वरच्या पायरीवर उभी असते हे मला चांगलं ठाऊक होतं. निखिल-मानसीच्या लग्नात तुम्ही माझे पाय धुतलेत. पोस्टात इतकी वर्षं नोकरी केलेली, नवऱ्यामागे एकटीने मुलगी वाढवलेली बाई माझ्यासमोर चांदीचं तामण घेऊन वाकली. मी "अहो, राहू द्या, आजकाल कोण करतं" असं म्हणाले खरी, पण पाय काही मागे घेतला नाही.

सहलीची कल्पना मुलांची. कोकणच्या किनाऱ्याने पायी चालायचं, बरोबर वाट दाखवणारी आणि दगड-माती समजावून सांगणारी माणसं, सामान गाडीतून पुढे, मुक्काम घरगुती. "दोन्ही आया मिळून जा," निखिल म्हणाला. मी नाही म्हणाले. गुडघे दुखतात, ऊन सोसत नाही, घर कोण बघणार, सगळी कारणं देऊन झाली. खरं कारण एकच होतं आणि ते मी माझ्या नवऱ्यालाही कधी नीट सांगितलं नव्हतं. निखिलच्या वेळचं माझं बाळंतपण अवघड गेलं. तेव्हापासून शिंक आली, खोकला आला, जिना उतरताना पाय घसरला, की माझा माझ्यावर ताबा राहत नाही. गिरगाव सोडून मीरा रोडला आलो तेव्हा इतर बायकांनी बाजार कुठे, शाळा कुठे, ते शोधलं. मी आधी शोधलं की स्टेशनपासून घरापर्यंत चांगलं स्वच्छतागृह कुठे आहे. घराबाहेर पडायच्या आधी पाणी प्यायचं नाही, कपडे गडद रंगाचे घालायचे. आणि हसायचं बेतानं. सोसायटीतल्या बायका मला खडूस म्हणतात, मला माहितीये. मी खडूस नव्हते हो. मी घाबरलेली होते.

तुम्ही फोन करून म्हणालात, "विहीणबाई, तुम्ही नाही आलात तर मी पण नाही जाणार." मुलांचे चेहरे पडले आणि मला हो म्हणावं लागलं. तुमच्यावरचा माझा राग तिथूनच सुरू झाला असणार.

दिवेआगरहून निघालो तेव्हा तुम्ही पोरीसारख्या झाला होतात. तुमच्या त्या निळ्या कॅनव्हासच्या बुटांत वाळू जायची आणि तुम्ही दर थोड्या वेळाने बसून ती झाडायचात. आपली वाटाड्या केतकी, पंचविशीतली भूगर्भशास्त्र शिकलेली मुलगी, खडक दिसला की थांबायची. तुम्ही तिच्या अगदी पुढ्यात उभ्या. प्रश्न तरी किती. हा काळा का, तो जांभा लाल का, याला भोकं कोणी पाडली. मी मागे उभी राहून मनात हिशेब करत असायचे, पुढची वस्ती किती लांब आहे. तुम्ही बाटली पुढे करायचात. "पाणी प्या हो, ऊन लागेल." मी मान हलवायचे. चौथ्या-पाचव्या वेळी तुम्ही माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलंत आणि बाटली मागे घेतलीत. नंतर पुन्हा कधी आग्रह केला नाहीत. आता वाटतं, तुम्हाला तेव्हाच कळलं होतं.

पण मला मजाही आली होती, शैलाताई. हे तुम्हाला मी कधी सांगितलंच नाही. श्रीवर्धनच्या त्या घरात आपण दोघी एका खोलीत होतो. तुम्ही खिडकीत बसून पायाला तेल चोळत नवऱ्याच्या गोष्टी सांगत होतात. ते पोस्टात तुमच्या खिडकीवर रोज एकच अंतर्देशीय पत्र घ्यायला कसे यायचे, आणि त्यांना पत्र लिहायला कोणीच नव्हतं. मला तेव्हा तुमचा हेवा वाटला. माझ्या आयुष्यात असं गमतीचं काही घडलं नव्हतं. सकाळी तुम्ही माझ्या आधी उठून दोघींचा चहा घेऊन आलात, आणि मी "साखर जास्त झाली" म्हणाले.

हरिहरेश्वरला आदल्या दिवशीची माझी गडद सलवार वाळली नव्हती. नाइलाजाने फिकी अबोली घातली. देवळामागून वर चढून आपण त्या कड्यावर आलो, जिथून दोन खडकांच्या फटीतून पायऱ्या खाली समुद्राकडे उतरतात. ओहोटी होती, म्हणून केतकी घाई करत होती, पण तरी चार-सहा पायऱ्या उतरताच तिने सगळ्यांना थांबवलं. खालचा काळा कातळ दाखवत म्हणाली, "ज्वालामुखी म्हटलं की आपल्याला आग ओकणारा डोंगर आठवतो. इथे तसं नव्हतं. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि लाव्हा पसरत गेला. थरावर थर. हा सगळा दगड एकेकाळी वाहत होता."

तुम्ही खाली पाहिलंत. मग म्हणालात, "म्हणजे अख्खा महाराष्ट्र एकदा उतू गेला म्हणायचा. आणि गॅस बंद करायला घरात कोणी नव्हतं."

सगळे फुटले. केतकीने तर कपाळावर हात मारला. आणि मी हसले. बेतानं नाही, किती वर्षांनी कोण जाणे, पोटातून, डोळे मिटून, कड्याला टेकून हसले. ते हसू मध्येच थांबलं, कारण मला कळलं की काय झालंय. नुसते थेंब नव्हते. अबोली कापड, भर दुपार, मागे पायऱ्यांवर रांगेत उभी माणसं. माझ्या कानात समुद्राचा आवाजसुद्धा यायचा बंद झाला.

तुम्ही माझ्या मागच्याच पायरीवर होतात. एक क्षणही गेला नसेल. माझ्या कमरेवर गार पाणी पडलं, पाठीवरून, मांड्यांवरून, बुटांत. पुरी बाटली. "अगबाई!" तुम्ही ओरडलात. "झाकण उघडंच राहिलं माझं! काय मेली मी वेंधळी!" आणि लगेच ओढणी काढून माझ्या कमरेभोवती गुंडाळायला लागलात. तुमचे हात भराभर चालले होते. माझ्या चेहऱ्याकडे तुम्ही पाहिलं नाहीत. मुद्दाम पाहिलं नाहीत.

तेव्हा मी काय करायला हवं होतं? गप्प राहिले असते तरी चाललं असतं. पण मी तुमचे हात झटकले. "साधी बाटली सांभाळता येत नाही तुम्हाला?" मी किंचाळले. "मुलीकडच्या आहात म्हणून सगळं खपवून घ्यायचं का मी?" ते 'मुलीकडच्या' कुठून आलं मला माहीत नाही. त्याचा पाण्याशी काय संबंध होता? तुमचा चेहरा क्षणभर पडला. मग तुम्ही कान पकडलेत आणि जीभ चावलीत, लहान मुलीसारखी. देसाई म्हणाले, "बाटलीवालीला आता पाण्याचा परवाना नाही." लोक सुटल्यासारखे हसले, आणि माझी लाज वाचली.

संध्याकाळी मी आंघोळ करून बाहेर आले तर माझी अबोली सलवार धुऊन, पिळून, अंगणातल्या दोरीवर होती. शेजारी तुमचा पंजाबी ड्रेस. तुमचा ड्रेस तर पायऱ्यांवर कोरडाच राहिला होता. माझी एकटीचीच धुतलेली दिसू नये म्हणून तुम्ही तो भिजवला होतात. तुम्ही पायरीवर बसला होतात.

"विहीणबाई, एक बोलू का?"

मी पटकन म्हणाले, "तुमचं पाणी फार गार होतं हो."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. फार वेळ नाही. म्हणालात, "हो. फ्रिजमधलं होतं ना."

बस, एवढंच. मुक्कामाच्या त्या घरात फ्रिज बंद पडलेला होता, हे आपल्या दोघींनाही माहीत होतं.

परत आल्यावर काही दिवसांनी तुम्ही मीरा रोडला आलात. घरात आपण दोघीच. तुम्ही चहाचा कप खाली ठेवून सरळ विषय काढलात. "मलाही होता हा त्रास. मानसीच्या वेळेपासून. लाजेखातर काढली वर्षं. मग एका डॉक्टरबाईकडे गेले, इथेच आहेत, मीरा रोडला. काही नाही हो, थोडे व्यायाम असतात, अगदीच लागलं तर औषध. चला तुम्ही, मी येते बरोबर."

मी कोणता त्रास, असं विचारलं. तुम्ही माझ्या हातावर हात ठेवलात. मी तो काढला आणि म्हणाले, "तुमच्या घरात चालत असतील असल्या गोष्टी बोललेल्या. आमच्याकडे नाही चालत."

तुम्ही उठलात, कप स्वयंपाकघरात नेऊन विसळलात, चपला घातल्यात. दारात म्हणालात, "चुकलं असेल माझं. पण जाऊन या."

मी वरून खिडकीतून पाहत होते. तुम्ही रिक्षावाल्याशी हिंदीत हुज्जत घालत होतात, तो भाईंदर वेस्टला यायला तयार नव्हता. मला तेव्हा वाटलं होतं, बरं झालं. खरंच असं वाटलं होतं. ज्याने आपली लाज झाकली त्याचा आपल्याला इतका राग का यावा? त्याने झाकायच्या आधी ती पाहिलेली असते म्हणून, दुसरं काय. जगात एकाच माणसाला माझं गुपित ठाऊक होतं, आणि त्या माणसाला लहान करून ठेवणं मला भाग होतं. लहान माणसाला काय कळलं नि काय नाही, कोण विचारतं!

म्हणून नातवाच्या बारशाला जे झालं ते झालं. ते लिहायला हात उचलत नाहीये, पण तुम्हाला सोडून कोणाला लिहू? हॉल भरलेला. ईशानला तुमच्या हातात द्यायची वेळ आली, तुम्ही दोन्ही हात पुढे केलेत, आणि मी मोठ्याने म्हणाले, "सांभाळून हं विहीणबाई, तुमच्या हातून सांडासांडी फार होते." सगळे हसले. सहलीचा किस्सा एव्हाना दोन्ही घरांत पोचला होता. तुम्ही पण हसलात. मग साडी सावरून खाली जमिनीवर बसलात, मांडी घातलीत आणि म्हणालात, "द्या आता. इथून खाली काही पडायचं नाही." स्वतःच्या नातवाला चारचौघांत पहिल्यांदा तुम्ही असं घेतलंत, सगळ्यांच्या पायांशी बसून.

मला ठाऊक होतं की पाणी तुमच्या हातून सांडलं नव्हतं. त्या हॉलमध्ये ते फक्त आपल्या दोघींना ठाऊक होतं. तुम्ही नुसती मान वर करून माझ्याकडे पाहिलं असतंत, तरी मी मेले असते. तुम्ही बाळाकडे पाहत राहिलात.

मग तुमचा आजार निघाला आणि भराभर वाढला. मी यायचे ते नेहमी निखिलबरोबर, फळं घेऊन, पाहुणीसारखी. शेवटच्या वेळी मानसी औषधं आणायला बाहेर गेली आणि आपण दोघीच उरलो. तुम्हाला बाथरूमला जायचं होतं. तुम्ही सहज माझ्या खांद्यावर हात टाकलात. किती हलक्या झाला होतात! "दार लोटू नका हो, चक्कर येते," म्हणालात, आणि आतून बोलत राहिलात. पालीच्या कोळीवाड्यात मासे आता किती महाग झालेत, ईशानला दात आले का. मी भिंतीकडे तोंड करून उभी होते. तुम्हाला लाज वाटत नव्हती, माझीच मान वर होत नव्हती.

पलंगावर टेकल्यावर तुम्ही विचारलंत, "जाऊन आलात का हो?"

"कुठे?" मी म्हणाले.

तुम्ही डोळे मिटून हसलात. "कुठे नाही."

ते आपलं शेवटचं बोलणं.

तेराव्याला सगळे गेल्यावर मानसी तुमच्या स्वयंपाकघरात ताटं पुसत होती. मी तिच्या शेजारी उभी राहिले आणि तिला सांगितलं. पायऱ्या, उतू गेलेला महाराष्ट्र, बाटली, दोरीवरचा तुमचा भिजवलेला ड्रेस, तुमच्या डॉक्टरबाई, सगळं. ती पुसत होती ते ताट तसंच हातात राहिलं.

"म्हणजे बारशाला तुम्हाला माहीत होतं?" तिने विचारलं.

"हो."

"आणि तरी बोललात."

"हो."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने ताट खाली ठेवलं, दुसरं घेतलं. घरी परत येताना रिक्षात ईशान आम्हा दोघींच्या मध्ये झोपला होता आणि ती बाहेर बघत होती. दुसऱ्या दिवशीही कामापुरतंच बोलली. निखिलने काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाली, "काही नाही, आईची आठवण येतेय." तिने मला माफ करावं असं मी म्हणत नाही. तुमच्यासाठी तिला राग यायलाच हवा होता. तुम्ही तर कधी रागावला नाहीत, मग कोणीतरी रागवायला हवंच ना.

परवा सकाळी ती माझ्या खोलीच्या दारात आली. "आई, उद्या अकराची वेळ घेतलीये. आईच्या डॉक्टरबाईंची. मी येतेय बरोबर."

मी म्हणाले, "तू कशाला रजा टाकतेस? मी जाईन एकटी."

तिने आत येऊन दार लोटलं. मग म्हणाली, "मलाही होतंय. ईशानच्या वेळेपासून. ऑफिसात जास्तीचे कपडे ठेवलेत मी. आईला सांगणार होते, पण ती आजारी पडली. आणि तुम्हाला…" तिने वाक्य सोडून दिलं. "लग्न होऊन आले तेव्हाच कळलं होतं मला, या घरात हे बोलायचं नसतं."

शैलाताई, आजवर जे जे केलं त्या सगळ्याची लाज एका पारड्यात आणि हे एक वाक्य दुसऱ्यात. माझ्याच घरात, माझ्या डोळ्यांसमोर, तुमची मुलगी पाणी न पिता कामाला जात होती. ऑफिसच्या रस्त्यावर कुठे काय आहे ते पाठ करत होती. आणि मी सासू म्हणून तिला विचारत होते, हल्ली तू हसत का नाहीस.

काल आम्ही गेलो. छोटा दवाखाना, बाकं भरलेली. एक बुरखेवाली आजी, साडीतल्या दोघी-तिघी, एक मानसीच्याच वयाची, सगळ्या मोबाईलमध्ये नाहीतर जमिनीकडे बघत. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. काउंटरवरची मुलगी मोठ्या आवाजात विचारत होती, कारण वर पंखा खडखडत होता. आमची पाळी आली.

"किसको दिखाना है?"

मानसीने माझ्याकडे पाहिलं. तिचे कान लाल झाले होते. तिने तोंड उघडलं आणि आवाज फुटेना.

मी पुढे झाले. "दोनों को," मी म्हणाले. "हसते हैं तो पेशाब छूट जाता है. मेरा भी, मेरी बहू का भी."

बाकावर बसलेल्या सगळ्या बायकांनी एकदम मान वर केली.